चांदणीला बाजू किती?

कागदावरून पेन्सिल न उचलता पाच रेघांत काढलेली चांदणी समोर ठेवा आणि विचारा, ही किती बाजूंची बहुभुजाकृती? कुणी पाच म्हणेल, त्याने रेघा मोजल्या. कुणी दहा म्हणेल, त्याने नुसती बाहेरची कड बोटाने फिरून पाहिली. तिसरा म्हणेल, ही बहुभुजाकृतीच नाही, कारण रेघा एकमेकींना अधेमधे कापतात. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे तिसऱ्याला गुण मिळतील. पण पहिल्याच्या बाजूने केप्लर उभा आहे. १६१९च्या ‘हार्मोनिचेस मुंडी’त त्याने अशा तारकाकृतींना सुसम आकृत्यांच्या पंगतीत रीतसर बसवलं होतं. दुसऱ्याच्या बाजूने जगभरचे नकाशे काढणारे संगणक आहेत. त्यांना कडेपलीकडे काही ठाऊकच नसतं.

‘खालीलपैकी बहुभुजाकृती कोणती?’ हा प्रश्न प्राथमिक शाळेतला, दोन मार्कांचा. त्याची उत्तरं मात्र दोन हजार वर्षं बदलत आली आहेत, आणि दर वेळी बदलाला सबळ कारण होतं. या लेखात त्या उत्तरांचा आढावा घ्यायचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. व्याख्येतली प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या प्रमेयाची राखण करते. ती अट काढली की काय मोडतं हे ज्याला दाखवता येतं, त्याला आकृती ओळखता येते. बाकीच्यांना नावं पाठ असतात, इतकंच.

अटी फार नाहीत. आकृती एका प्रतलात हवी, सरळ रेषाखंडांची हवी, बंद हवी. रेषाखंड फक्त टोकांना भेटावेत आणि प्रत्येक टोकाला नेमके दोनच भेटावेत. ‘सरळ’ या अटीवर कुणाचं भांडण नाही, तरी फसगत इथेही होते. आपलं वीस रुपयांचं नाणं २०२० साली चलनात आलं, त्याला बारा बाजू आहेत. त्याआधीचं, १९९२ नंतर हातोहात फिरलेलं दोन रुपयांचं नाणं अकरा बाजूंचं होतं. ते वर्षानुवर्षं खिशात बाळगणाऱ्यांतल्या कितीजणांनी बाजू मोजल्या असतील देव जाणे. टाकसाळीत कोपरे जरा घासले जातात, तेवढं सोडलं तर ही दोन्ही नाणी वर्गात खुशाल बहुभुजाकृती म्हणून दाखवावीत. ब्रिटनचं पन्नास पेन्सचं नाणं मात्र दाखवताना थांबावं लागतं. १९६९पासूनच्या या नाण्याला सात कोपरे आहेत, पहिल्या नजरेत तो सप्तकोन वाटतो. पण त्याची प्रत्येक ‘बाजू’ समोरच्या कोपऱ्याला केंद्र धरून काढलेला कंस आहे. त्यामुळे नाणं कसंही फिरवा, त्याची रुंदी तेवढीच भरते आणि नाणी गिळणाऱ्या यंत्रात ते अडकत नाही. खऱ्या सप्तकोनाला हे जमणार नाही. म्हणजे बाजू सरळ की वाकडी हा फरक कागदावरचा नाही. यंत्र त्यावर चालतं.

एका प्रतलात असण्याची अट चटकन उरकता येते. चार काड्यांचा चौकोन टेबलावर ठेवून एक कोपरा वर उचला. बाजू चारच राहिल्या, कोनांची बेरीज मात्र ३६० अंशांच्या खाली गेली. बेरीज राखायची तर कोपरा खाली टेकवावा लागतो.

खरी गंमत ‘रेषाखंड एकमेकांना कापू नयेत’ या अटीत आहे, आणि तिच्यासाठी चांदणीकडेच परत जायला हवं. चांदणी एखाद्या मैदानात आखली आहे आणि आपण तिच्या रेघांवरून चालतो आहोत असं धरा. प्रत्येक टोकाला १४४ अंशांनी वळावं लागतं. पाच टोकं, म्हणजे एकूण वळण ७२० अंश. सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत आपण स्वतःभोवती दोनदा फिरलेलो असतो. आता तीच चांदणी, पण आतल्या रेघा पुसून, नुसत्या कडेने चाला. टोकाला पुन्हा १४४ अंश डावीकडे, पण दोन टोकांमधल्या खाचेत ७२ अंश उजवीकडे. डावीकडची वळणं ७२०, उजवीकडची ३६०; वजाबाकी केली की राहतात ३६०, म्हणजे एकच फेरी. बाजू स्वतःला कापत नसतील, तर बहुभुजाकृती कितीही वेडीवाकडी असो, तिच्याभोवती चालून आलं की एकूण वळण एका फेरीचंच भरतं. आतल्या कोनांचं सूत्रही यातूनच येतं: बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८०ने गुणा. दहा बाजूंच्या कडेला ते १४४० देतं. ताळा करून पाहा: टोकांचे पाच कोन ३६ अंशांचे, त्यांचे १८०, खाचांचे पाच कोन आतून मोजल्यास २५२ अंशांचे, त्यांचे १२६०. बेरीज १४४०, चोख. पाच रेघांच्या चांदणीला तेच सूत्र लावलं तर ५४० यायला हवेत, आणि टोकांचे कोन भरतात १८०.

म्हणजे चांदणी नापास होते ती दिसण्यामुळे नव्हे. तिला आत घेतलं की कोनांच्या बेरजेचं प्रमेय बाहेर काढावं लागतं, म्हणून. आता तिला आत घ्यायचंच असेल तर? तोही मार्ग लोकांनी शोधला आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस ब्रॅडवर्डिनने तारकाकृतींचा पद्धतशीर विचार केला. (हा गृहस्थ पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी, १३४९ साली, प्लेगने गेला.) मग केप्लर आला. १८०९ साली फ्रान्सच्या प्वांसोने सुसम आकृतीची कल्पनाच ताणली: वर्तुळावर समान अंतरावर बिंदू घ्या आणि लगतचा बिंदू जोडण्याऐवजी दर दुसरा जोडा, तिसरा जोडा. पाच बिंदूंत दर दुसरा जोडला की चांदणी. सात बिंदूंच्या तर दोन निरनिराळ्या चांदण्या होतात. सहा बिंदूंत मात्र घोटाळा होतो: दर दुसरा बिंदू जोडत गेलं की तिसऱ्या रेघेलाच आपण मूळ जागी येतो, त्रिकोण पुरा होतो आणि पेन्सिल उचलावी लागते. दाराशी रांगोळीत काढतात ती सहा टोकांची चांदणी या हिशेबाने एक आकृती नव्हेच, एकमेकांत अडकलेले ते दोन त्रिकोण आहेत. आणि तिची कड म्हणाल तर बारा बाजूंची बहुभुजाकृती. एकाच रांगोळीला तीन नावं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

हे झालं गणितज्ञांचं. मुलांना आकृती कशी दिसते, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावरचं संशोधन गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं. त्याची सुरुवात नेदरलँड्समधल्या एका शिक्षक दांपत्यापासून धरतात. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ यांनी १९५७ साली उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केले. दिना त्यानंतर लवकरच वारल्या आणि सिद्धान्त पुढे नेण्याचं काम पिएर यांच्याकडे आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पहिल्या पायरीवर मूल आकृतीचा चेहरा ओळखतं: हा आयत, कारण तो दारासारखा दिसतो. दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसू लागतात: चार काटकोन आहेत, समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत. तिसऱ्यावर गुणधर्मांतले संबंध कळतात: चार काटकोन असले की समोरच्या बाजू आपोआप सारख्या होतात, त्या वेगळ्या सांगायला नकोत. त्यापुढे सिद्धता आणि शेवटी निरनिराळ्या भूमितींची तुलना. या पायऱ्या वयाने चढल्या जात नाहीत, शिकवण्याने चढल्या जातात. आणि शिक्षक तिसऱ्या पायरीवरून बोलत असेल, मूल पहिल्या पायरीवर असेल, तर दोघांचे शब्द सारखे असूनही संवाद होत नाही. रशियन अभ्यासक्रमाने साठच्या दशकात हा सिद्धान्त उचलला. अमेरिकेत तो सत्तरच्या दशकात पोचला आणि मग त्याच्यावर कामांची रीघ लागली.

पायऱ्या इतक्या काटेकोर असतात का, यावर पुढच्यांनी शंका घेतल्या. एकच मूल त्रिकोणाच्या बाबतीत दुसऱ्या पायरीवर आणि चौकोनाच्या बाबतीत पहिल्या पायरीवर असू शकतं, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे. पण मूळ निरीक्षण टिकून आहे. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ साली त्याला आणखी धार दिली. माणसाला व्याख्या पाठ असते, पण निर्णय घ्यायच्या क्षणी तो मनातल्या चित्राला विचारतो, आणि ते चित्र पाहिलेल्या उदाहरणांवरून घडलेलं असतं. डग्लस क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली बालवाडीच्या वयाच्या अमेरिकन मुलांवर केलेला अभ्यास हेच दाखवतो. वर्तुळ जवळजवळ सगळ्यांना ओळखता आलं, चौरसही बहुतेकांना. गाडी अडली त्रिकोण आणि आयतापाशी. फुगीर बाजूंच्या तिकोनी आकाराला मुलं बिनदिक्कत त्रिकोण म्हणत होती, आणि लांबट, सुईसारखा खरा त्रिकोण नाकारत होती.

आपल्याकडे हे पडताळून पाहायला अभ्यास लागत नाही, कुठल्याही इयत्तेचं पुस्तक पुरे. त्रिकोण नेहमी आडव्या पायावर बसलेला. षटकोन म्हटलं की मधमाशीच्या पोळ्यातला, सगळ्या बाजू सारख्या. पंचकोनही तसाच सुसम. मग साध्या घराचा आकार, म्हणजे चौकोनावर छप्पर, हा पंचकोन आहे हे सातवीतल्या मुलालाही खटकतं. वास्तविक शुल्बसूत्रांतल्या चितींसाठी, म्हणजे यज्ञवेदींसाठी, ज्या विटा सांगितल्या आहेत, त्यांत पाच बाजूंची हंसमुखी नावाची वीट आहे आणि ती मुळीच सुसम नाही. काम भागवण्यासाठी जो आकार लागला तो घेतला. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची इमारत पाहा, जुन्या शाळा बऱ्याचदा तशाच असतात. तिचा आराखडा षटकोन आहे. सहा भिंती, सहा कोपरे, पाच काटकोन आणि एक आतला २७० अंशांचा कोन. बेरीज ७२०, सूत्राप्रमाणेच. ‘टी’च्या आकाराची असेल तर अष्टकोन. हे सांगितलं की मोठी माणसंही क्षणभर बोटं मोजतात. शाळेच्या पटांगणात उभं राहून शाळेलाच षटकोन म्हणायला लावणं, याहून स्वस्त शैक्षणिक साधन मला ठाऊक नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत येणारा ‘आकृतीत एकूण त्रिकोण किती?’ हा प्रश्नही याच जातीचा. आपल्या चांदणीत उत्तर दहा येतं: टोकांचे पाच लहान आणि लांब रेघांवर बसलेले पाच मोठे. तिच्याभोवती पंचकोन काढला की आकडा एकदम पस्तीसवर जातो. क्लासवाले यासाठी युक्त्या आणि सूत्रं पाठ करून घेतात. ते पाठांतर मला निरुपयोगी वाटतं. पण सूत्राशिवाय सोडवला तर हाच प्रश्न उत्तम आहे, कारण एकच रेघ एका त्रिकोणाची बाजू आणि दुसऱ्या त्रिकोणाच्या पोटातली रेघ एकाच वेळी असू शकते हे तो डोळ्यांना शिकवतो.

आता चौकोनांच्या भाऊबंदकीकडे. चौरस हा आयत आहे की नाही? युक्लिडने ‘एलेमेंट्स’च्या पहिल्या ग्रंथात, बाविसाव्या व्याख्येत, घरं वेगळी केली आहेत. समान बाजू आणि काटकोन असलेला तो चौरस. काटकोन पण बाजू असमान, तो आयत. बाजू समान पण काटकोन नाहीत, तो समभुज चौकोन. समोरच्या बाजू आणि कोन समान पण ना काटकोन ना समभुज, तो चौथा. आणि उरलेले सगळे एका पोत्यात. या व्याख्येप्रमाणे चौरस हा आयत नाही. गंमत म्हणजे युक्लिड स्वतः पुढे हे पाळत नाही. चौतिसाव्या प्रमेयापासून तो समांतरभुज आकृत्यांविषयी बोलू लागतो, तिथे चौरस आणि आयत निमूटपणे आत असतात. कारण उघड आहे. समांतरभुज चौकोनाबद्दल एकदा सिद्ध केलेलं चौरसासाठी पुन्हा सिद्ध करायला कुणाला वेळ आहे? आजची पुस्तकं याच सोयीसाठी समावेशक व्याख्या घेतात: चौरस हा आयतही आहे, समभुज चौकोनही आहे. दक्षिण आफ्रिकेचे मायकेल डी व्हिलिअर्स यांनी १९९४च्या एका लेखात ही बाजू चांगली मांडली आहे. समावेशक वर्गीकरण ‘खरं’ आणि दुसरं ‘खोटं’ असं ते म्हणत नाहीत. ते किफायतशीर आहे, असं म्हणतात. मुलांपुढेही ते असंच ठेवायला हवं. ‘चौरस आयत असतो, पाठ करा’ असं म्हटलं की मूल गप्प बसतं, पण त्याचा डोळा पटवून घेत नाही.

किफायतीचा हा नियम एका ठिकाणी मात्र आपणच मोडतो. समलंब चौकोनाची बालभारतीच्या नववीच्या पुस्तकातली व्याख्या समांतर बाजूंची एकच जोडी मागते. म्हणजे समांतरभुज चौकोन बाहेर. अमेरिकेत झालमान उसिस्किन आणि जेनिफर ग्रिफिन यांनी भूमितीची जुनी-नवी पुस्तकं चाळून चौकोनांच्या व्याख्यांवर २००८ साली एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यातही या एका आकृतीवर पुस्तकांचं एकमत नाही. मला ‘निदान एक जोडी’ ही व्याख्या पसंत आहे. समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन, हे क्षेत्रफळाचं सूत्र समांतरभुज चौकोनालाही हुबेहूब लागू पडतं. मग त्याला दाराबाहेर का ठेवायचं? कलनात वक्राखालचं क्षेत्रफळ काढताना आपण समलंब पट्ट्या पाडतो, त्यांतली एखादी पट्टी आयत निघाली म्हणून कुणी पद्धत बदलत नाही. एक अडचण आहे खरी. समद्विभुज समलंब चौकोनाची व्याख्या ‘तिरक्या बाजू समान’ अशी ठेवली, तर समांतरभुज चौकोनही त्यात घुसतो, आणि ‘कर्ण समान असतात’ हे प्रमेय कोसळतं. उपाय सोपा आहे: बाजूंऐवजी पायाचे कोन समान असावेत असं म्हणा. एक व्याख्या हलवली की शेजारची सावरून घ्यावी लागते.

बाजू मोजून त्रिकोण पुरता ओळखता येतो. तीन बाजूंची लांबी सांगा, त्रिकोण ठरला. चौकोन तसा ठरत नाही, आणि या मुद्द्यावरची सगळ्यांत झणझणीत टीका आपल्या मातीतली आहे. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या क्षेत्रफळासाठी दोन रीती दिल्या. एक स्थूल: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करा. दुसरी सूक्ष्म: चार बाजू आणि अर्धपरिमिती वापरून वर्गमुळाचं सूत्र. हे दुसरं सूत्र अचूक आहे, पण फक्त चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तेव्हा. पाचशे वर्षांनी, ११५०च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यावर बोट ठेवलं. चार बाजू त्याच ठेवूनही कर्ण बदलता येतो, मग क्षेत्रफळ एकच कसं निघेल? लंब किंवा कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते सरळ पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभा केल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या मठात हा पिशाचाचा श्लोक शिकवताना विद्यार्थी हसत असणार, असं मला उगीचच वाटतं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नाही. गावाकडे तुकड्याच्या चार बाजू फितीने मोजून, समोरासमोरच्यांची सरासरी काढून गुणाकार करणारे लोक आजही सापडतात. ती ब्रह्मगुप्ताची स्थूल रीतच आहे. एक तुकडा घ्या, चारही बाजू १०० फूट. सरासरीच्या रीतीने क्षेत्रफळ १०,००० चौरस फूट. पण हा तुकडा चौरस नसून ६० अंशांनी कललेला समभुज चौकोन असेल, तर खरं क्षेत्रफळ सुमारे ८,६६० चौरस फूट. फरक १,३४० चौरस फुटांचा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वा गुंठ्याहून काहीसा कमी पण एका गुंठ्याहून स्पष्ट जास्त, आणि तोही हवेत. वाईट हे की ही रीत चुकते ती नेहमी एकाच दिशेने: ती कधीही कमी दाखवत नाही, आयत असेल तेव्हाच बरोबर येते, एरवी जास्तच. विकणाऱ्याची चांदी. म्हणून मोजणीवाले कर्ण मोजतात, जमिनीचे त्रिकोण पाडतात. चौथी बाजू आली की नुसत्या बाजूंवर विश्वास ठेवायचा नाही.

सुसम आकृत्यांतही हेच. त्रिकोणाच्या बाजू समान असल्या की कोन आपोआप समान होतात. चौकोनात समान बाजू समभुज चौकोनावर थांबतात, समान कोन आयतावर. दोन्ही मिळून चौरस. म्हणून ‘सुसम’ म्हणताना दोन्ही अटी लागतात. भास्कराचार्यांनी वर्तुळात बसणाऱ्या सुसम त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजूंच्या लांबीच्या संख्या कोष्टकासारख्या दिल्या आहेत. १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षटकोनाची बरोबर ६०,०००. हे आकडे आजच्या गणकयंत्राशी जुळतात. सप्तकोनाला त्यांनी ५२,०५५ दिले आहेत, खरं उत्तर ५२,०६६च्या आसपास. नवकोनालाही असाच अकराएकचा फरक आहे. चूक नेमकी या दोघांतच आहे, हा योगायोग नसावा. तीन ते नऊ बाजूंच्या आकृत्यांत पट्टी आणि कंपासाने नेमके काढता न येणारे सुसम बहुकोन म्हणजे हेच, सात आणि नऊ. गाउसने १७९६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सतरा बाजूंचा सुसम बहुकोन काढता येतो हे दाखवलं. सात-नऊचं दार कायमचं बंद असल्याची सिद्धता १८३७ साली पिएर वांट्झेलने दिली.

आत काय आणि बाहेर काय, हा प्रश्न इतका बावळट वाटतो की तो कुणी विचारतच नसे. स्वतःला न कापणाऱ्या बंद आकृतीला आत आणि बाहेर असे दोन प्रदेश असतात, हे कॅमिय जॉर्डनने १८८७ साली प्रमेय म्हणून मांडलं तेव्हा कुठे ते सिद्ध करायची गोष्ट आहे हे लक्षात आलं. बहुभुजाकृतीपुरती एक साधी चाचणी आहे. बिंदूपासून कुठल्याही दिशेला किरण सोडा. तो कड विषम वेळा ओलांडत असेल तर बिंदू आत, सम वेळा तर बाहेर. (किरण नेमका शिरोबिंदूवरून गेला तर दिशा थोडी बदलायची.) डोळ्यांना न उलगडणाऱ्या भुलभुलैयातही ही चाचणी चालते. बहिर्वक्र आकृतीत तिची गरज पडत नाही. अंतर्वक्र आकृती आली, खाचा पडल्या, की शाळेतली सोयही बिघडते: ‘एका शिरोबिंदूपासून सगळे कर्ण काढा, त्रिकोण पडतील’ ही कोनांच्या बेरजेची सिद्धता तिथे लंगडी पडते, कारण काही कर्ण बाहेरून जातात. तरीही स्वतःला न कापणाऱ्या कुठल्याही बहुभुजाकृतीचे आतल्या कर्णांनी त्रिकोण पाडता येतातच. गॅरी माइस्टर्सने १९७५ साली याचं देखणं रूप दाखवलं: त्रिकोणाहून मोठ्या प्रत्येक अशा आकृतीला निदान दोन ‘कान’ असतात, म्हणजे सहज कापून काढता येतील असे कोपऱ्यातले दोन त्रिकोण. कान कापत जा, शेवटी त्रिकोण उरतो. संगणकाच्या पडद्यावरची आकृती रंगवताना अनेकदा हेच कान कापले जात असतात.

संगणकाच्या नकाशांत शाळेतल्या अटी अक्षरशः पाळाव्या लागतात. जिओजेसन या प्रचलित नमुन्यात शेताची हद्द लिहिताना पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहावा लागतो; नाही लिहिला तर आकृती बंद नाही म्हणून ती नाकारली जाते. बिंदूंचा क्रम चुकला की हद्द स्वतःला कापते. चौरसाचे चार कोपरे चुकीच्या क्रमाने जोडून बो-टायसारखी आकृती करा आणि निर्देशकांच्या तिरक्या गुणाकारांनी क्षेत्रफळ काढा. उत्तर शून्य येतं, कारण एका पाकळीचं क्षेत्रफळ अधिक आणि दुसरीचं उणे धरलं जातं. शेत आहे, क्षेत्रफळ नाही! उलट एका बाबतीत नकाशावाले शाळेहून उदार आहेत. शेताच्या मध्ये तळं असेल आणि ते वगळायचं असेल, तर बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने, आतली सुलट दिशेने लिहितात आणि दोन्ही मिळून एकच बहुभुजाकृती मानतात. भोक असलेली आकृती शाळेच्या व्याख्येत बसत नाही. तिथे कोनांच्या बेरजेचं सूत्रही बदलतं. पण तलाठ्याला कोनांची बेरीज नको असते, आकार हवा असतो.

शेवटची शंका सगळ्यांत क्षुल्लक: बाजूच्या मधोमध एक ठिपका दिला आणि त्याला शिरोबिंदू म्हटलं, तर त्रिकोणाचा चौकोन होतो का? तिथला कोन १८० अंशांचा, बेरीज ३६०, सूत्र खूश. बहुतेक पुस्तकं असा सपाट कोन वर्ज्य ठरवून मोकळी होतात. पण २०२२ साली इंग्लंडमधले निवृत्त मुद्रण तंत्रज्ञ डेव्हिड स्मिथ यांना आकारांशी खेळताना एक टोपीसारखा तुकडा सापडला. त्या एकाच आकाराच्या फरश्यांनी सगळं प्रतल भरतं, पण नक्षी कधीच ठरावीक अंतराने परत येत नाही. क्रेग कॅप्लन, जोसेफ मायर्स आणि चैम गुडमन-स्ट्रॉस यांच्या साथीने त्याची सिद्धता २०२३च्या मार्चमध्ये जाहीर झाली. पतंगाच्या आकाराचे आठ तुकडे जोडून झालेली ही टोपी मोजली तर तेरा बाजूंची भरते. लेखकांना मात्र तिची एक लांब बाजू दोन बाजू धरून, मध्ये सपाट कोनाचा शिरोबिंदू मानून, चौदा बाजूंची म्हणणं सोयीचं पडलं; तसं केलं की तिच्या बाजू कमी-जास्त करत तशाच आकारांचं सगळं कुटुंब एका सूत्रात बसतं. त्यांच्या लेखात ती टोपी तेरा बाजूंचीही आहे आणि चौदा बाजूंचीही.